झाकण उघडून बघा: नव्या आरोग्य सेवकासाठी

नेमणुकीचं पत्र हातात पडलं की आधी एक चांगली बॅटरी विकत घ्या. मोबाईलची नव्हे, खिशात मावणारी, पांढऱ्या उजेडाची. डासाच्या अळ्या शोधायला बॅरलमध्ये वाकून बघताना मोबाईल हातातून निसटला की सर्वेही बुडतो आणि अर्धा पगारही. माझा बुडालाय.

मी सांगली जिल्ह्यातला. सुरुवात हंगामी फवारणी कामगार म्हणून केली, घराघरांत भिंतींवर फवारा मारत. आरोग्य सेवकाच्या निम्म्या जागा अशा फवारणीवाल्यांसाठी असतात, त्यातून कायम झालो. पहिली नऊ वर्षं जत तालुक्यात काढली, पुढची पलूस तालुक्यात. जतला पाणी नव्हतं म्हणून डेंग्यू, पलूसला पाणी जास्त म्हणून जुलाब. आता आरोग्य सहाय्यक आहे आणि भरती झाली की नवी पोरं माझ्याबरोबर फिरतीला येतात. त्यांना गाडीवर मागे बसवून जे सांगतो तेच इथं लिहितोय.

कामाचं वर्णन तुम्हाला प्रशिक्षणात मिळालंच असेल. मैदानी भागात एका उपकेंद्रामागे पाच हजार लोकसंख्या धरतात, डोंगरी भागात तीन हजार. ताप, जुलाब, कावीळ, डास, पाणी, क्षयरोग, कुष्ठरोग, लसीकरणाला मदत, सगळं आपल्या अंगावर. यादी लांब आहे, पण सवय एकच लावून घ्या: डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहायचं. ऐकलेलं लिहायचं नाही. हा नियम मी मोडला तेव्हा काय झालं ते पुढं येईलच.

पहिला आठवडा पायी

गाडी उपकेंद्रावर लावा आणि गाव पायी पालथं घाला. आशाताईंना बरोबर घ्या. हजार लोकसंख्येमागे एक आशा असते आणि कुठल्या घरात बाळंतीण आलीय, कोण महिनाभर खोकतंय, कोण तुमच्या तोंडावर दार लावणार, हे तिला पाठ असतं. पहिल्या आठवड्यात तुम्ही बोलू नका, तिला बोलू द्या. तुम्ही फक्त तिच्यामागं उभे राहा म्हणजे लोकांना तोंड ओळखीचं होतं.

एका वहीच्या मधल्या जोडपानावर नकाशा काढा. टाकी, विहिरी, हातपंप, मळ्यातल्या वस्त्या, उकिरडे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नळाची पाइप कुठं कुठं गटारातून किंवा गटाराखालून जाते ती ठिकाणं. व्हॉल्व्हचे खड्डेही दाखवा. गावात पाणी दिवसाआड किंवा दोन दिवसांनी तास-दीड तास सुटतं. पाणी चालू असतं तोवर पाइपमधून पाणी बाहेर गळतं. बंद झालं की पाइप रिकामी होताना उलटं ओढते, आणि गळती जिथं असेल तिथलं गटारीचं पाणी आत घेते. वरून हंडा धरला तर पाणी निर्मळ दिसतं. त्यामुळं फुटक्या जोडाशेजारी हिरवं गवत उगवलेलं दिसलं की नकाशावर लाल फुली मारा. उन्हाळ्यात हे गवत बरोबर चहाडी करतं.

मग पाणी सोडणारा माणूस गाठा. सरपंचाच्या आधी त्याच्याबरोबर चहा घ्या. त्याला पगार थोडा, शिव्या भरपूर, आणि गावाचं पोट त्याच्या हातात. त्याला 'तात्या', 'अण्णा' जे गाव म्हणतं तेच म्हणा, आणि त्याच्या चुका चारचौघांत काढू नका.

टीसीएल, ओटी आणि माझी चूक

पलूसला आल्यावर दुसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला एका गावात गेलो. नदीचं पाणी गढूळ झालेलं. टीसीएल म्हणजे पाण्यात घालायची ब्लिचिंग पावडर. पाणीवाल्याला विचारलं, "टीसीएल घातली का?" "घातली की डॉक्टर, कालच घातली." (गावात आपल्याला 'मलेरियाचं डॉक्टर' म्हणतात, दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका.) पाऊस होता, ओटीची (पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या औषधाची) बाटली गाडीच्या डिकीत होती, रेनकोट काढायचा कंटाळा आला. रजिस्टरला 'ओटी आहे' लिहिलं आणि पुढच्या गावाला गेलो. चौथ्या दिवशी खालच्या आळीतले अकरा जण जुलाबानं आडवे. त्यात एक चार वर्षांची पोर होती. तिला सलाइन लागली, वाचली.

पाणीवाला खोटं बोलला नव्हता. त्यानं खरंच पावडर घातली होती. पण पोतं ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत ओल्या फरशीवर उघडं पडलेलं, पावडरीचे गोळे झालेले, वास मेलेला. ताज्या ब्लिचिंग पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. हवा, ओल आणि ऊन लागलं की ते उडून जातं आणि मागं नुसता चुना उरतो. त्या माणसानं टाकीला इमानेइतबारे चुना पाजला होता. ओटी घेतली असती तर दहा सेकंदांत कळलं असतं.

म्हणून पोतं बघा. तोंड बांधलेलं, लाकडी फळीवर, अंधाऱ्या कोरड्या खोलीत, लोखंडी सामानापासून लांब. पावडरीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवत राहा. २० टक्क्यांच्या खाली आली तर ती टाकीत घालायच्या लायकीची नाही असं समजा आणि ग्रामसेवकाला लेखी द्या. तोंडी सांगितलेलं ग्रामपंचायतीत टिकत नाही.

विहिरीला किती घालायची याचा हिशेब. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्याच आकड्यानं गुणा, पाण्याच्या खोलीनं गुणा, मग ७८५ नं गुणा. आले लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर तीन त्रिक नऊ, चोक छत्तीस, गुणिले ७८५, म्हणजे २८,२६० लिटर. आमच्याकडं हजार लिटरला पाच ग्रॅम हे माप धरतात, म्हणजे साधारण १४० ग्रॅम. खोली विचारली तर म्हातारी माणसं "दोन पुरुस पाणी हाय" म्हणतात (पुरुस म्हणजे माणसाएवढी खोली). ऐकून घ्या, आणि दगड बांधलेली दोरी सोडून स्वतः मोजा.

पावडर थेट विहिरीत भिरकावायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत घ्या, एका बादलीला शंभर ग्रॅमच्या वर नको, थोडं पाणी घालून पिठल्यासारखं पातळ कालवा, गुठळ्या मोडा, मग बादली पाऊण भरा आणि ढवळून पाच-दहा मिनिटं ठेवून द्या. चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता, ती विहिरीत सोडून पाणी चांगलं ढवळा. खालचा चुना लांब टाकून द्या. तासभर पाणी कुणी भरायचं नाही. हे सगळं वाऱ्याला पाठ करून करा. एकदा नाकात गेली की दिवसभर आठवण राहते.

मग ओटी. नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे किटवर लिहिलेत तेवढे थेंब, हलवा आणि लगेच रंग बघा. पिवळा आला तर क्लोरीन आहे. दहा सेकंदांच्या आत जो रंग येतो तो मोकळ्या क्लोरीनचा, आपल्याला तो हवा. नळी हातात धरून गप्पा मारत बसलात तर नंतर रंग गडद होतो आणि तुमची समजूत होते की झकास आहे. विहिरीत तासाभरानंतर ०.५ पीपीएम, म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन मिळायला हवं. नळाला शेवटच्या घरापर्यंत निदान ०.२. टाकीखालच्या नळाची ओटी घेऊन कधी परत फिरू नका, तिथं ती चांगलीच येणार. गावाच्या शेवटच्या टोकाचा नळ गाठा. तो बहुतेक गावांत गरिबांच्या वस्तीत असतो, आणि जुलाबाचा पहिला रुग्णही बहुतेक तिथलाच असतो.

पाण्याचा नमुना प्रयोगशाळेला पाठवताना निर्जंतुक केलेलीच बाटली वापरा, बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं जाळून थोडं पाणी वाहू द्या, बाटली काठोकाठ भरू नका, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. नवीन पोरं प्यायच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नमुना आणतात. तो नमुना नाही, ते नुसतं पाणी.

एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं साथ आली नाही तर चंदेरी. लाल कार्ड देताना तुमच्यावर दबाव येईल. गावातले दोन-चार जण घरी येतील, चहा-पोहे होतील. पोहे खा, कार्ड बदलू नका.

बॅरल

आता माझ्या आवडीचं काम. २००३-०४ च्या दुष्काळात जतच्या पूर्व भागात टँकर आला की बायका धावायच्या. कर्नाटकाला लागून असलेल्या त्या पट्ट्यात निम्मं गाव कन्नड बोलतं. मी 'नीरु' आणि 'ज्वर' हे दोन शब्द शिकलो, त्यावर बरंच भागलं. आठ-दहा दिवसांनी येणारं पाणी बाई घरातल्या प्रत्येक भांड्यात भरून ठेवणार. बॅरल, रांजण, हौद, घागरी, जुना कुकरसुद्धा. आणि त्याच पाण्यात एडिस डास अंडी घालणार, कारण त्याला स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं. गटारीत होतो तो क्युलेक्स, चावून हैराण करतो पण डेंग्यू देत नाही. लोक गटारीवर धूर मारायला लावतात आणि डेंग्यूचा डास स्वयंपाकघरात बॅरलच्या मागं बसलेला असतो.

त्या बाईला "पाणी ओतून टाका" म्हणणारा माणूस मूर्ख असतो. पहिल्या वर्षी मी तो मूर्ख होतो. एका आक्कांनी मला उंबऱ्यातच थांबवलं, "घागरभर पाणी आणून दे आन् मग वत." त्या दिवसापासून बोलायची रीत बदलली.

दारात उभं राहून आधी आवाज द्या. दार उघडं असलं तरी आत जायचं नाही. चप्पल बाहेर. घरात एकटी बाई असेल तर आशाताई आत जाईल, तुम्ही अंगणातली भांडी बघा. "पाणी बघू का आक्का?" एवढं पुरतं. "तपासणी आहे" म्हणालात की दार बंद. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, त्याचं पुढं काय झालं ते आपण शाळेत शिकलोय. साथरोग कायदाही त्याच सालचा. कायदा पाठीशी आहे म्हणून उंबरा ओलांडता येत नाही.

बॅरलचं झाकण हळू उचला. धाडकन उचललंत, सावली पडली किंवा बॅरलला धक्का लागला, की अळ्या सरळ तळाला जातात आणि तुम्ही 'निरंक' लिहून मोकळे होता. झाकण बाजूला सरकवा, बॅटरीचा झोत तिरपा कडेनं सोडा, आणि उभे राहा. मनातल्या मनात शंभर मोजा. अळीला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. आधी एक वळवळत येते, मग दुसरी. पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटाकडून टांगल्यासारखी, डोकं खाली. पाण्याला समांतर, आडवी पडलेली दिसली तर ती मलेरियाच्या अ‍ॅनाफिलीसची. स्वल्पविरामासारखी वळलेली दिसली तर कोष. त्याचा डास दोन-तीन दिवसांत उडणार.

मग पांढऱ्या वाटीत दोन-चार अळ्या काढा आणि घरच्यांना दाखवा. "हे पाण्यातलं किडं हायत, कायम असत्यात," असं उत्तर मिळेल. वाद घालू नका. काचेच्या बाटलीत त्या अळ्या त्याच पाण्यासकट घ्या, तोंडाला मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधा आणि शाळेत गुरुजींच्या टेबलावर ठेवून या. चार-पाच दिवसांत पोरांच्या डोळ्यांसमोर डास होतात, काळे, पायावर पांढरे पट्टे. संध्याकाळी अख्ख्या गावात बातमी. (बाटली न उघडता डास मारा. एकदा एका पोरानं कापड सोडलं होतं.)

आता पाणी न ओतता काय करायचं? अंडं ते डास हा प्रवास आमच्याकडच्या उन्हात साधारण आठ-दहा दिवसांचा. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. पाणी एका बॅरलमधून दुसऱ्यात फडक्यातून गाळून घ्यायचं, रिकामं झालेलं बॅरल काथ्यानं आतून घासायचं, उन्हात पालथं घालायचं. घासणं महत्त्वाचं. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने मरत नाहीत. पुन्हा पाणी भरलं की जागी होतात. नुसतं पाणी ओतून गेल्यानं काही साधत नाही. घासणं झालं की झाकण, आणि झाकण नसेल तर जुन्या लुगड्याचं दुहेरी फडकं, दोरीनं आवळून. ढिलं फडकं मध्ये खोलगट होतं, त्यात पाणी साचतं, आणि तिथंही अळी सापडते. मोठ्या हौदात, जनावरांच्या डोणीत गप्पी मासे सोडा. द्राक्षबागेत औषध कालवायचे हौद असतात तिथं मात्र गप्पी सोडू नका. तासगावकडच्या एका शेतकऱ्यानं हौसेनं नेले आणि दुसऱ्या दिवशी सगळे पालथे.

विसरू नका अशा जागा: फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, पत्र्यावर वजनाला ठेवलेले टायर, मनी प्लँटची बाटली, देवळामागच्या नारळाच्या करवंट्या, बांधकामावरच्या टाक्या. संडासाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधायला सांगा, ती क्युलेक्ससाठी.

हिशेब सोपा आहे. साठ घरं बघितली, नऊ घरांत अळी, म्हणजे घर निर्देशांक १५. २१० भांडी बघितली, १२ दूषित, म्हणजे भांडी निर्देशांक ५.७. शंभर घरांमागे दूषित भांडी २०, तो ब्रेटो निर्देशांक. घर निर्देशांक दहाच्या वर दिसला की तिथं आठवडाभर ठाण मांडायचं. एखाद्या गावाचा निर्देशांक वर्षभर शून्य दिसला तर गाव स्वच्छ आहे असं समजू नका. तिथला सर्वे कट्ट्यावर बसून झालाय.

ताप

घरभेटीत दोनच प्रश्न: आज कुणाला ताप आहे का, आणि गेल्या पंधरा दिवसांत कुणाला येऊन गेला का. तिसरा प्रश्न मी माझ्या पदरचा विचारतो, घरी कुणी मुंबई-पुण्याहून किंवा कामावरून परत आलंय का.

मलेरियाचा रक्तनमुना डाव्या हाताच्या अनामिकेच्या टोकाच्या जरा बाजूला टोचून घ्यायचा, मधोमध नको, तिथं दुखतं. तान्ह्या बाळाच्या पायाच्या अंगठ्यातून. पहिला थेंब पुसून टाका. काचपट्टी सुकताना झाकून ठेवा, माश्या आणि मुंग्या रक्त खाऊन जातात आणि प्रयोगशाळेत नुसती काच पोचते. नंबर पेन्सिलनं काचपट्टीवरच्या रक्ताच्या पातळ थरावर लिहा, पेनची शाई रंग देताना धुऊन जाते. नवी सुई, वापरली की पंक्चरप्रूफ डब्यात, टोपण परत लावायचं नाही.

खासगी दवाखान्यात कार्ड टेस्ट आली की गावभर 'डेंग्यू झाला' होतो. तो संशयित रुग्ण. एलायझा ही प्रयोगशाळेतली रक्ततपासणी झाल्यावर नक्की. पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन (रक्तातला विषाणूचा अंश बघतात), त्यानंतर आयजीएम (शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं बघतात). पण संशयित म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी त्या घराभोवतीची घरं तपासून काढायची. आणि घरच्यांना एवढं सांगा: अंगदुखीची गोळी मेडिकलमधून मनानं घेऊ नका, फक्त पॅरासिटामॉल. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, पोरगं मलूल पडणं, हे ताप उतरतानाच सुरू होतं. दिसलं की दवाखाना.

साथ लागली तर पहिले दोन तास

आशाताईंचा फोन येतो: "दादा, सकाळपासनं पाच जणांना संडास लागलीय." तोंड न धुता निघायचं. पण जाताना वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन, तो गाडी सुरू करायच्या आधी. लपवलेली साथ दोन दिवसांनी पेपरात येते आणि मग सगळ्यांचीच पळापळ.

तिथं पोचलात की लोक पहिल्यांदा ओरडतील, "टाकीत पावडर घाला." थांबा. आधी पाण्याचा नमुना घ्या, मग क्लोरीन. उलटं केलंत तर नमुन्यात काही सापडणार नाही आणि कारण कायमचं धुऊन गेलं. रुग्णाचा शौचाचा नमुनाही अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी. मग नळाचं पाणी बंद, पिण्याला टँकर, तो टँकरही ओटी बघूनच.

दुसरा माणूस तोवर ओआरएस वाटेल. एक पुडी एक लिटर पाण्यात, चोवीस तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. पोरांना झिंक चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. आया चौथ्या दिवशी बंद करतात, म्हणून आशाताईंना घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजायला सांगा.

तुम्ही यादी करा. नाव, वय, कधीपासून (तारीख नव्हे, वेळ), पाणी कुठलं पितो, परवा कुठं जेवला. आणि वहीच्या मधल्या पानावरच्या त्या नकाशावर एकेक टिंब. माझ्या अकरा जणांची टिंबं मांडली तेव्हा ती सगळी एका व्हॉल्व्हच्या खाली आली. खड्ड्यात गटारीचं पाणी तुंबलेलं होतं. मेलेली पावडर आणि तुंबलेला खड्डा, यातलं एक असतं तर कदाचित निभावलं असतं.

पूर

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली. भिलवडी, अंकलखोप, सगळा काठ पाण्यात. पुरात आपलं काम फारसं नसतं, ते बोटवाल्यांचं. आपलं काम पाणी उतरल्यावर सुरू होतं आणि तेव्हा बातम्यावाले निघून गेलेले असतात.

निवारा केंद्रात रोज सकाळी फेरी: जुलाब, ताप, अंगावर पुरळ, खोकला, आणि गरोदर बाया कोण. गावात परत जाणाऱ्यांना सांगायचं की विहीर आधी उपसा, गाळ काढा, मग जादा क्लोरीन, मगच प्या. घरातल्या टाक्याही धुवा. चिखलात अनवाणी उतरू नका, पायाला जखम असेल तर अजिबात नको; उंदराच्या लघवीतून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) जंतू तिथूनच आत शिरतो. डॉक्टरांनी ठरवलं तर डॉक्सीसायक्लिन, मोठ्या माणसाला आठवड्याला २०० मिलिग्रॅम, जेवणानंतर. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालचं मूल यांना नाही. ओंजळभर गोळ्या वाटून फोटो काढणारे बरेच भेटतात; तुम्ही समोर गिळायला लावा आणि मगच टिक मारा.

गाडी लांब लावा

क्षयरोगाच्या रुग्णाकडं जाताना गाडी त्याच्या दारात लावू नका. आपली गाडी गाव ओळखतं. दोन गल्ल्या सोडून लावा, वाटेत दोन घरांत डासाच्या निमित्तानं डोकवा, मग तिथं जा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची तपासणी, आणि रुग्ण सापडला की घरातल्या सगळ्यांची. निक्षय पोषणाचे, म्हणजे क्षयरुग्णाच्या खाण्यापिण्यासाठीचे सरकारी पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिना हजार झालेत. खात्यात येतात का तेही विचारा, औषधापेक्षा त्या प्रश्नानं माणूस जास्त बोलता होतो. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले तेव्हा सर्वेला गेलो होतो. रोगापेक्षा शेजाऱ्यांची भीती जास्त होती. संपर्कातली नावं लोक सांगत नव्हते ते त्या भीतीनं, आडमुठेपणानं नव्हे.

दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की बीडकडचे ऊसतोड मजूर येतात. त्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) दुपारी गेलात तर म्हातारी आणि कुत्रं भेटेल. माणसं अंधारातच फडावर गेलेली. संध्याकाळी चुली पेटल्यावर जा. पोरांची लसीची कार्डं गावाकडं राहिलेली असतात, "दिलीया" यावर विश्वास ठेवू नका आणि अविश्वासही दाखवू नका. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. यादी करून सिस्टरांकडं द्या, त्या सत्र तिथंच कोप्यांवर लावतील. ते पाणी कुठलं पितात तेही बघा, बहुतेक वेळा पाटाचं असतं.

कागदाचं थोडक्यात. आयएचआयपीवर (रोगांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल) एस फॉर्म, म्हणजे लक्षणांवरून संशयित रुग्णांची नोंद, रोज भरायचा, रुग्ण नसेल तर शून्य, पण भरायचा. डायरी त्याच दिवशी रात्री लिहा. शनिवारी सहा दिवसांची एकदम लिहिली की सगळ्या दिवसांची शाई एकसारखी दिसते आणि तपासणीला आलेला साहेब हसतो.

राहिलं एकच. रुजू होण्याआधी स्वतःची हेपॅटायटिस बीची लस घेऊन टाका, तीन डोस, सहा महिने लागतात. धनुर्वाताचीही बघा. पावसाळ्यात डिकीत जादा मोजे आणि गमबूट ठेवा, आणि ओटीच्या बाटलीवरची मुदत बघा. माझ्या शेवटच्या उमेदवाराकडची गेल्या वर्षीच संपली होती, आणि तो आठवडाभर सगळ्या गावांत 'ओटी नाही' लिहीत फिरत होता.